सुई कोणाच्या हाती?



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मला भेटायला थांबल्या. त्यांची मुलगी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात राहते. सात वर्षांच्या नातीला मधुमेह आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांना होतो तो नव्हे, तर बहुधा लहानपणीच जडतो तो, ज्याला डॉक्टर ‘टाइप वन’ म्हणतात. ती सरकारी शाळेत जाते. शाळेत ती कधी बेशुद्ध पडलीच, तर वर्गशिक्षिकेने तिला औषध द्यायचे असे ठरले आहे. मावशींना ते काही केल्या पटत नव्हते. त्या म्हणाल्या, “फादर, बाई काही नर्स नाही. तिच्या हातून चूक झाली आणि पोरीचं काही बरंवाईट झालं, तर पाप कोणाचं?”

“देव सांभाळील,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. मावशींना द्यायचे राहून गेलेले उत्तर आज सर्वांसमोर मांडतो.

आधी हा आजार समजून घेऊ. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होणे जवळजवळ बंद होते. पूर्वी असे मूल फार दिवस जगत नसे. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि हे चित्र पालटले. आज ही मुले शिकतात, खेळतात, मोठी होतात. मात्र जे इन्सुलिन जगवते तेच कधी घातही करते. मात्रा थोडी जास्त झाली, डबा अर्धाच खाल्ला किंवा मैदानावर धावपळ जास्त झाली, की रक्तातील साखर घसरते. डेसिलिटरमागे ७० मिलीग्रॅमच्या खाली आली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल गोंधळते. शुद्धीवर असेल तर फळांचा रस किंवा ग्लुकोज देऊन भागते. साखर फारच खाली गेली तर फिट येते, शुद्ध हरपते. अशा वेळी तोंडात काहीही घालायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आपल्याकडे फिट आली की कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडात साखर कोंबतो. त्यामागे माया असते, पण ज्ञान नसते.

या क्षणासाठी जे औषध आहे त्याचे नाव ग्लुकागॉन. यकृतात साठलेली साखर ते रक्तात सोडायला लावते. पूर्वी त्याची पूड पाण्यात मिसळून, सुईत भरून टोचावी लागे. समोर मूल झटके देत असताना हे करणे सोपे नव्हते. २०१९ साली अमेरिकेत नाकात सोडायच्या पुडीला मान्यता मिळाली. विनाकारण दिले गेले तरी सहसा मळमळ किंवा उलटी होते, एवढेच. इन्सुलिनचे तसे नाही. त्याची चुकीची मात्रा जीव घेऊ शकते. मावशींची भीती म्हणूनच अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

कॅलिफोर्नियात ग्लुकागॉन देण्याची मुभा स्वेच्छेने प्रशिक्षण घेतलेल्या शाळा-कर्मचाऱ्यांना आधीच होती. रोजच्या इन्सुलिनवरून मात्र मोठा वाद झाला. नर्स नसलेल्या शाळांत मुलांना इन्सुलिन कोण देणार? या प्रश्नावरून २००५ साली पालक न्यायालयात गेले. २००७ साली तडजोड झाली आणि प्रशिक्षित कर्मचारी इन्सुलिन देऊ शकतील असे शिक्षण खात्याने कळवले. त्याविरुद्ध परिचारिकांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी परिचारिकांच्या बाजूने कौल दिला. अखेर ऑगस्ट २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असेल, तर प्रशिक्षण घेतलेला कर्मचारीही इन्सुलिन देऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. रुग्णालयाबाहेर हे औषध बहुधा रुग्ण स्वतः, त्याचे नातलग किंवा मित्रच देतात, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. निकालपत्रातील आकडे बोलके आहेत: राज्यातील अवघ्या ५ टक्के शाळांत पूर्णवेळ नर्स होती आणि २६ टक्के शाळांत एकही नव्हती.

परिचारिकांना आपण स्वार्थी ठरवू नये. त्यांच्या म्हणण्यातही एक नैतिक सत्य होते. आज शिक्षिकेच्या हाती सुई दिली, तर उद्या नर्स नेमण्याची गरजच कोणाला वाटणार नाही. श्रीमंतांची मुले कोठेही चांगली देखभाल मिळवतील, पण गरिबांच्या मुलांना कामचलाऊ व्यवस्थेवर भागवावे लागेल. हा धोका खराच आहे.

मग उत्तर काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना करणे आणि न करणे यांतील फरकावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. हात लावला आणि मूल दगावले, तर दोष माझ्यावर येईल. हात लावला नाही आणि दगावले, तर तो आजाराचा दोष. मनाला हा हिशेब सोयीचा वाटतो. पण मदतीची रुग्णवाहिका दूर आहे आणि औषध कपाटात आहे, तेव्हा गप्प उभे राहणे हाही एक निर्णयच असतो. म्हणून तर प्रत्येक मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या चांगल्या कृत्यांचीही क्षमा मागतो.

“पण मला येतच नाही,” असे कोणी म्हणेल. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार बारकाईने केला आहे. जे जाणून घेणे शक्य होते आणि जाणणे आपले कर्तव्यही होते, त्याबाबतचे अज्ञान निर्दोष नसते, असे ते शिकवतात. ज्या बाईंना औषधाविषयी कधी कोणी काही सांगितलेच नाही, त्यांना दोष देता येणार नाही. पण आपल्या वर्गात असे मूल आहे हे जूनमध्येच कळले आणि शिकून घ्यायची संधीही मिळाली, तरी टाळाटाळ केली, तर डिसेंबरमधले “मला येत नाही” तितके निष्पाप राहत नाही. कर्तव्य मूल कोसळते तेव्हा सुरू होत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

संकटात सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या कायद्यांना अमेरिकेत दयाळू शोमरोन्याचेच नाव दिले जाते. असा पहिला कायदा १९५९ साली याच कॅलिफोर्नियात झाला. तो दाखला आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्यातील दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे शोमरोनी वैद्य नव्हता, पण त्याच्यापाशी तेल आणि द्राक्षारस होता. रस्ता धोक्याचा आहे हे ओळखून तो तयारीने निघाला असावा. दुसरी गोष्ट म्हणजे जखमा बांधून तो थांबला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, देखभालीसाठी पदरचे पैसे दिले आणि आणखी खर्च आला तर तोही देण्याचे कबूल केले. तत्काळ मदत आणि कायमची व्यवस्था या दोन्ही गोष्टी त्याने केल्या.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. शिकून, काळजीपूर्वक, पोरीच्या भल्यासाठी औषध देणाऱ्या बाईच्या हातून चूक झालीच, तर ते पाप नव्हे. चुकीचे दुःख असेल, पण पाप नसेल. दोष असलाच तर तो शिकायचे टाळणाऱ्याचा. आणि स्वयंसेवक मिळाले म्हणून नर्सच्या पगाराचे पैसे वाचवणाऱ्या समाजाचाही.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. टाइप वन मधुमेहाच्या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळेत खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली आपल्या राज्य सरकारांना कळवले आहे. आपल्या धर्मग्रामात शिक्षकी पेशातील बंधुभगिनी बऱ्याच आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या वर्गात असे मूल आहे का, याची उद्या चौकशी करा. असेल तर त्याच्या आईला बोलावून विचारा, “याला बरे वाटेनासे झाले, तर मी काय करायचे?” आणि ती जे सांगेल ते लिहून ठेवा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू