बोट लागते तेव्हा

कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला जायचे तर बेटाच्या अंतराप्रमाणे चौदा ते अठरा तास लागतात. वाटेत दर्या खवळला म्हणजे भल्याभल्यांना बोट लागते. कुणी ओकतो, कुणी डोळे मिटून पडतो. आणि शेजारीच एखादा खुशाल जेवत असतो. त्याला वाटते, ‘आपले मन खंबीर, ही माणसे कच्ची!’

पण वाचकहो, हा खंबीरपणा खरोखर मनाचा का? डोळ्यांना खोली स्थिर दिसते, आणि कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय सांगते, ‘आपण हिंदकळतो आहोत.’ या दोन साक्षींचा मेळ बसेना, की पोट ढवळते. ज्यांचे हे इंद्रिय दोन्ही कानांत पुरते निकामी झाले, त्यांना बोट लागतच नाही! उलट १८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईत पडलेला इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याला दर्या खवळला की बोट लागे. त्याला भित्रा कोण म्हणेल?

तेव्हा न ओकणे हे काही पुण्य नव्हे. ती देहाची ठेवण. संसारातही दुसऱ्याचे दुःख पाहून ‘आम्ही नाही असे डगमगलो’ म्हणणारे आपण पुष्कळ! ज्याला त्रास नाही त्याने आधी ताट बाजूला सारावे. आजाऱ्याला जहाजाच्या मध्यभागी, हेलकावा कमी तिथे, हात धरून न्यावे. ‘बाबा, दूर क्षितिजाकडे बघ’ म्हणावे. घोटघोट पाणी पाजावे. ज्याला उभे राहता येते, त्याच्यावर पडलेल्याचे ऋण असते. ते फेडले, तरच त्याच्या खंबीरपणाला काही अर्थ.