आतड्यातले अन्नदाते

शौचातून रक्त पडू लागलं की जळगाव-धुळ्याकडे पहिला अंदाज मूळव्याधीचा, दुसरा आवेचा. दोन्ही आजार घरोघरचे, म्हणून या अंदाजाला नावं ठेवता येत नाहीत. पण औषधं घेऊनही महिनोन्‌महिने रक्त आणि आव पडतच राहिली, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरालाच व्रण पडले आहेत का, हे पाहावं लागतं. हा अल्सरेटिव्ह कोलायटिस. १८५९ साली लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी या नावाने एका रुग्णाचं वर्णन केलं, तेव्हापासून या आजाराच्या संदर्भात आतड्यातल्या जंतूंकडे पाहण्याची दृष्टी पार उलटली आहे.

सुरुवातीला शोध होता गुन्हेगाराचा. पटकी, क्षय, आव या सगळ्यांचे जंतू सापडले होते, मग याचा का सापडू नये? मेयो क्लिनिकच्या बार्गन यांनी १९२४ मध्ये एक जंतू पुढे आणलाही. तो दावा टिकला नाही. पुढे स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी जंतूंना मारणारी सल्फा आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट जोडून सल्फासॅलाझिन बनवून घेतलं. १९४०च्या दशकात ते कोलायटिसलाही लागू पडतं असं दिसलं. का लागू पडतं, हे कळायला १९७७ उजाडावं लागलं. ऑक्सफर्डमध्ये बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की गुण येतो तो सॅलिसिलेटच्या भागाने. सल्फा केवळ वाहून नेणारी. आणि हा जोड मोठ्या आतड्यात तोडतात ते तिथलेच जंतू! जंतुनाशक जोडून केलेलं औषध जंतूंच्याच मदतीने काम करत होतं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

मग १९८० मध्ये रोडिगर या संशोधकांनी प्रश्नच बदलला. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा ब्युटिरेट नावाच्या आम्लावर अधिक जगतात. ते तयार करतात जंतू, आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून आणि पिष्टापासून. कोलायटिस म्हणजे या पेशींची उपासमार तर नव्हे, असं त्यांनी विचारलं. त्यांची मांडणी जशीच्या तशी सिद्ध झाली नाही, पण ‘कोणता जंतू आला?’च्या जागी ‘कोणता जंतू नाहीसा झाला?’ हे विचारायची वाट तिने मोकळी केली. पुढे रुग्णांच्या शौचात ब्युटिरेट करणारे काही जंतू खरोखरच कमी आढळले. ते कमी झाले म्हणून सूज आली, की सुजेमुळे ते कमी झाले, याचा निकाल अजून लागलेला नाही.

इथे खानदेशचं ताट आठवल्याशिवाय राहत नाही. ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या कळण्याची भाकरी, सोबत भरीत. इथल्या कच्च्या केळीतलं पिष्टही लहान आतड्यात फारसं पचत नाही, ते खाली जंतूंपर्यंत पोचतं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जंतू ठळकपणे आढळला. धान्य आणि भाजीपाल्यावर जगणाऱ्या समाजांत तो जगभर दिसतो. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कोलायटिसचे ६६ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाच्या आतड्यात ग्रामीण भागातल्या निरोगी दात्यांचे जंतू सोडले आणि आहारही बदलला. नेहमीच्या उपचारांवरच्या गटापेक्षा या गटाला अधिक गुण आला. दाते मुद्दाम खेड्यांतले निवडले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण म्हणून भाकरी हे औषध ठरत नाही. आजार उसळलेला असताना भरड अन्न आणि ठेचा त्रास वाढवू शकतात, आणि औषध मनाने थांबवलं तर आजार पुन्हा उलटू शकतो. जंतूंचं प्रत्यारोपणही घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे. दात्याची कसून तपासणी लागते. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला विद्यापीठ आहे. इथल्या रुग्णाच्या ताटात काय असतं आणि त्याच्या आतड्यात कोण राहतं, हे दोन्ही एकत्र तपासायला खानदेशाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली असेल?