न विचारता सांगावे काय?

नीतीचे प्रश्न म्हटले की राजसभा, रणांगण, न्यायासन अशा भारदस्त जागा आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु तुमच्या-आमच्यासारख्या गृहस्थाश्रमी माणसाच्या वाट्याला असले प्रसंग क्वचितच येतात. त्याची परीक्षा होते ती भाजीच्या गाडीपाशी, औषधांच्या दुकानात नाहीतर बँकेच्या रांगेत. आणि तीही अशी, की परीक्षा चालू आहे हे त्याच्या ध्यानातही येऊ नये. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका लहानशा जागेचा विचार करणार आहोत. ती जागा म्हणजे शोभेच्या माशांचे दुकान.

प्रश्न असा आहे. माशांचे खाद्य किंवा फिल्टरचा स्पंज घेण्यासाठी आपण दुकानात उभे असतो. शेजारी एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन आलेले असतात. मुलाला गोल्डफिश हवा असतो. दुकानदार काचेचे एक गोल भांडे पुढे करतो, दोन मासे पिशवीत भरतो आणि सांगतो, की रोज चिमूटभर खाणे घाला, आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून भांडे लख्ख घासा, बाकी काही बघावे लागत नाही. ज्याने चार वर्षे मासे सांभाळले आहेत त्याला हा सल्ला ऐकताक्षणीच कळते, की हे मासे फार दिवस टिकणे कठीण आहे. पण त्याला कोणी काहीच विचारलेले नाही. त्याने बोलावे, की आपले खाद्याचे पाकीट घेऊन घरची वाट धरावी?

चूक किती खोल आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण बोलण्याचे कर्तव्य त्यावरच अवलंबून आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. नदीत वा तळ्यात तो विपुल पाण्यात विरून जातो. भांड्यात मात्र तो साठतो आणि माशाच्या कल्ल्यांनाच इजा करतो. काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करून राहतात, आणि नव्या टाकीत ती वस्ती नीट बसण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. दर आठवड्याला सगळे घासून काढणारा मनुष्य स्वच्छतेच्या सद्‌बुद्धीने ही वस्तीच उठवून लावतो. वर नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीनची भर पडते. शिवाय गोल्डफिश हा भांड्यात मावणारा मासाच नव्हे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळला गेलेला हा जीव नीट ठेवल्यास वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इटलीतील रोम शहराने २००५ साली गोल भांड्यांत गोल्डफिश ठेवण्यास बंदी केली, ती उगीच नव्हे.

अशा सल्ल्यांची आणखी दोन उदाहरणे सर्वत्र ऐकू येतात. ‘फायटर’ नावाचा रंगीत मासा पाण्याच्या पेल्यात खुशाल राहतो, असे सांगितले जाते. हा मासा मूळचा थायलंडकडील उथळ पाण्याचा. पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेण्याचे एक खास इंद्रिय त्याला आहे, म्हणून तो पेल्यात लगेच गुदमरत नाही, इतकेच. लगेच न मरणे आणि सुखाने राहणे यांतला फरक विक्रीच्या बोलण्यात पुसला जातो. दुसरे उदाहरण ‘सकर’ माशाचे. हा टाकीतली घाण खातो, एक टाकून द्या म्हणजे साफसफाईची चिंता नको, असे म्हणतात. वस्तुतः तो शेवाळ खरवडतो, इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःची भर घालतो. आणि बोटाएवढा आणलेला हा मासा पाहता पाहता हातभर होतो. मग तो टाकीत मावेनासा झाला की दयाळू यजमान त्याला जवळच्या तळ्यात सोडून पुण्य जोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींपासून गंगेपर्यंत आढळतो आणि इथल्या माशांच्या पोटावर पाय देतो. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात ‘अ‍ॅलिगेटर गार’ हा अमेरिकी मासा सापडला, तेव्हाही तो कोणाच्या तरी काचेच्या पेटीतून तिथवर आला असावा असाच तर्क झाला. तेव्हा दुकानातले एक वाक्य दुकानातच संपत नाही.

आता मौनाच्या बाजूने काय म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडू. पहिली गोष्ट, आपल्याला विचारलेले नाही. न विचारता कोणाला काही सांगू नये, हा दंडक मनुस्मृतीइतका जुना आहे आणि त्यात शहाणपण आहे. अनाहूत उपदेश करणाऱ्याला लोक टाळतात, आणि त्याचे खरे बोलणेही त्यामुळे वाया जाते. दुसरी गोष्ट, ते दुकान दुसऱ्याचे आहे. गिऱ्हाइकासमोर दुकानदाराला खोटे पाडणे म्हणजे त्याच्या पोटावर आणि प्रतिष्ठेवर एकाच वेळी घाव घालणे. तो लबाडच असतो असेही नाही. आपल्या शेठकडे उमेदवारी करताना जे ऐकले तेच तो प्रामाणिकपणे पुढे सांगत असतो. तिसरी गोष्ट, मुलादेखत बापाला अडाणी ठरवणे हे काही सौजन्य नव्हे. आणि चौथी, मासे पाळणाऱ्यांची आपापसांतली मतेही पुष्कळदा जुळत नाहीत. आपल्या टाकीत जे चालले तेच शास्त्र, असे मानणारे आपल्यातही थोडे नाहीत.

आमच्यासारख्या घराण्यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. गायकवाडांच्या पाठोपाठ आमचे पूर्वज बडोद्यात आले त्याला आता अडीच शतके होऊन गेली. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांच्या घराण्यांची कथाही थोड्याफार फरकाने अशीच असेल. दुसऱ्या भाषेच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदायचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. कोणाच्या धंद्यात तोंड घालू नये, बाजारात वाद करू नये, आपण बरे नि आपले काम बरे, हे त्यांतले पहिले पथ्य. त्यानेच आम्हांला शेजाऱ्यांचा लोभ मिळवून दिला, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र एखादे पथ्य फार दिवस पाळले की ते कशासाठी होते याचा विसर पडतो. कलह टाळण्यासाठी धरलेले मौन पुढे कष्ट टाळण्यासाठीही वापरले जाते, आणि दोन्हींना आपण सभ्यता हे एकच नाव देतो.

वर सांगितलेल्या चारही मुद्द्यांत एक समान उणीव आहे. त्यांत गिऱ्हाईक आहे, दुकानदार आहे, मूल आहे, आपण आहोत. पण ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो मासा कुठेच नाही. बाकीच्या सर्वांना तोंड आहे. गिऱ्हाइकाला उद्या परत येऊन तक्रार करता येते, दुकानदाराला उत्तर देता येते, आपल्याला लेख लिहिता येतो. मासा ओरडत नाही, लंगडत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. म्हणून त्याला काही होत नाही अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतो. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर इजा टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवले, आणि इजा झाल्यावर माशांचे वागणे बदलते हेही नोंदवले. माशाला होते ती वेदना आपल्यासारखीच असते काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. परंतु शंका आहे तिथे दुबळ्याच्या बाजूने झुकावे, हा न्याय आपण इतरत्र मान्य करतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदाही मनुष्याखेरीज प्रत्येक जिवंत प्राण्याला ‘प्राणी’ म्हणतो. त्यातून मासा वगळलेला नाही.

येथे आपल्या परंपरेतला दुसरा आवाज ऐकला पाहिजे. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो, की ज्याचे वाईट होऊ नये असे आपल्याला वाटते त्याला न विचारताही हिताचे सांगावे, मग ते त्याला गोड लागो वा कडू. त्याच विदुराने द्यूतसभेत, प्रश्न समोर असताना गप्प बसणारे सभासद पापाचे वाटेकरी होतात, असे बजावले होते. त्या सभेत ज्ञानी पुरुषांची वाण नव्हती. कौरवांपैकी उघड बोलला तो एकटा विकर्ण, आणि त्यालाही कर्णाने पोरकट म्हणून गप्प केले. मनूचा दंडकही इतका एकेरी नाही. न्यायसभेविषयी तोच म्हणतो, की तिथे जाऊच नये, पण गेल्यास योग्य तेच बोलावे. दुकान ही काही न्यायसभा नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी न विचारता बोलू नये हा नियम बोलणाऱ्याच्या मानासाठी आहे, आणि न विचारताही सांगावे हा नियम ऐकणाऱ्याच्या हितासाठी आहे. या दोहोंचा संघर्ष होईल तिथे आपला मान बाजूला ठेवावा, एवढे तरी यातून निघते.

आमच्या बडोदा संस्थानाने १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले, तेही एका अर्थी न विचारता दिलेले ज्ञानच होते. राजाचा अधिकार वाटसरूला नसतो, ही गोष्ट खरी. पण ज्ञान मागणाऱ्यालाच द्यायचे असे ठरवले तर ज्याला आपले अज्ञान ठाऊकच नाही त्याला ते कधीच मिळणार नाही. त्या दुकानातला बाप प्रश्न विचारीत नाही, कारण प्रश्न आहे हेच त्याला माहीत नाही.

आणि खरे नुकसान केवळ दोन माशांचे नाही. मासे मरतात, मुलगा रडतो, बाप समजूत घालतो की मासे असेच असतात, आपण दुसरे आणू. दुसरेही मरतात. तिसऱ्या वेळी मुलगा रडत नाही. एक जीव गेला तर पन्नास रुपयांत दुसरा मिळतो, हे तो शिकलेला असतो, आणि कोणी मुद्दाम शिकवलेले नसूनही हे शिक्षण पक्के बसते. आमच्या मते या प्रश्नातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

म्हणून बोलावे, असे आमचे मत आहे. मात्र प्रत्येक चुकीवर बोलावे असे नव्हे. टाकीत खडे निळे घालावे की पांढरे, खाद्य या कंपनीचे घ्यावे की त्या, ही रुचीची वा मतभेदाची बाब; तिथे गप्प राहावे. जिथे जिवाची हानी ठरलेली आहे आणि आपल्याला खात्री आहे, तिथेच बोलावे. केव्हा, हाही प्रश्न आहे. पैसे देऊन गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर हळूच सांगणे दुकानदाराला सोयीचे, पण माशाला निरुपयोगी. म्हणून खरेदीपूर्वीच बोलावे. आणि दुकानदाराच्या पाठीमागे नव्हे, त्याच्या समक्ष. ‘भाई, या भांड्याऐवजी मोठी टाकी आणि फिल्टर घेतला, आणि मासे महिन्याभराने नेले, तर जास्त टिकतील ना?’ असे त्यालाच विचारावे. यात त्याचा मान राहतो, मोठी टाकी विकली गेल्यास त्याचा धंदाही होतो, आणि आपलेच चुकत असेल तर ते सांगण्याची त्याला संधी मिळते. दुसऱ्याला दुरुस्त करू पाहणाऱ्याने स्वतःलाही दुरुस्त होण्याच्या जागी उभे केले पाहिजे. एकदा सांगावे, थोडक्यात सांगावे, आणि नंतर निर्णय त्यांच्यावर सोडावा.

एक अट मात्र आम्ही आवर्जून घालू. जो सांगतो त्याने हातभारही लावला पाहिजे. जुन्या, निरोगी टाकीतले मूठभर खडे किंवा वापरलेल्या स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत घालून दिला, तर त्यासोबत जीवाणूंची वस्तीही जाते आणि नवी टाकी लवकर मार्गी लागते. हे देण्यास मोल पडत नाही, फक्त वेळ आणि आपुलकी लागते. ज्याची एवढी तयारी नाही, त्याच्या उपदेशात माशाची कणव किती आणि स्वतःच्या जाणतेपणाची हौस किती, हे त्याने स्वतःशीच तपासून पाहावे. सांगितलेले त्या गृहस्थाने ऐकले आणि आपले नावही विचारले नाही, तरी बरे वाटले, तर बोलणे योग्य होते असे समजावे.

परमुलखात गोडीने राहण्याची विद्या आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला दिली. ती टाकून द्यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आज ज्या गावात आपण दहा पिढ्या काढल्या, त्या गावात आपण पाहुणे उरलेलो नाही. घरच्या माणसाने घरात चाललेली चूक पाहून गप्प बसणे हे सौजन्यात मोडत नाही. दुकानदार रागावेल, गिऱ्हाईक हसेल, कदाचित मासा तरीही मरेल. एवढे सोसून दोन वाक्ये बोलता येतील की नाही, याचा विचार सुज्ञ वाचकांनी आपापल्या ठायी करावा, अशी आमची विनंती आहे.