सूर्य न पाहिलेले जीव

मुंबईत कांजूरमार्ग पूर्वेला महामार्ग ओलांडून मिठागरांच्या बाजूने खाडीकडे गेलं की ओहोटीच्या वेळी सडक्या अंड्यांचा वास येतो. सगळा दोष तिथल्या कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडवर जातो. पण तिवरांच्या मुळाशी असलेल्या चिखलाचा स्वतःचाही एक वास आहे, आणि तो डम्पिंगपेक्षा फार जुना. काठी रोवून बाहेर काढावी: वर करड्या गाळाचा पातळ थर, खाली काजळासारखा काळा चिखल. तिथे हवा पोचत नाही. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर सोडतात.

१९७७ साली हाच वास पॅसिफिक महासागरातल्या एका जहाजावर दरवळला. गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवरून ‘अल्विन’ पाणबुडीने आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या होत्या. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. तिथे जिवंत काही भेटेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. प्रत्यक्षात तळाच्या भेगांतून येणाऱ्या ऊन पाण्याभोवती शिंपल्यांची, खेकड्यांची दाटी होती, आणि लाल तुऱ्यांचे नळीकृमी होते. या कृमींच्या मोठ्या जातीला तोंड नाही, आतडं नाही. शरीरात वस्तीला असलेले जिवाणू त्याच दुर्गंधी वायूच्या बळावर अन्न तयार करतात, आणि कृमी त्यावर जगतो.

ऋग्वेदाने सूर्याला चराचराचा आत्मा म्हटलं आहे. आजही उपनगरांतल्या कितीतरी गॅलऱ्यांत सकाळी तांब्यातून अर्घ्याची धार पडते. मग ज्यांच्यावर सूर्याचा एक किरणही कधी पडला नाही, त्यांचा आत्मा कोणता?

श्रद्धा खोटी ठरली, असं म्हणून मोकळं होता येईल. ते घाईचं होईल. नळीकृमीच्या तांबड्या रक्तातून सल्फाइडबरोबर प्राणवायूही वाहतो. तो वरच्या उजेडातल्या वनस्पतींनी तयार केलेला असतो, आणि ध्रुवांकडचं थंड पाणी तळाशी उतरताना त्याला सोबत घेऊन जातं. म्हणजे किरण पोचला नाही तिथेही सूर्याचं दान पोचलं. मात्र त्याच भेगांत असेही सूक्ष्मजीव आहेत ज्यांना प्राणवायूही लागत नाही. खडक आणि पाणी यांच्या संयोगातून सुटणाऱ्या हायड्रोजनवर ते मिथेन बनवत जगतात. त्यांच्यापाशी अर्घ्याचा अर्थ पुन्हा शोधावा लागतो.

अडचण सूर्यपूजेत नाही, ती अंधाराला देवाची गैरहजेरी मानण्याच्या सवयीत आहे. आणि ही सवय मराठी माणसाला तरी शोभत नाही. त्याचा विठोबा काळा आहे, आणि त्याच्या जुन्या देवळांचा गाभारा अंधारा.

डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवर अशाच एका जिवंत भेगेचं छायाचित्र मिळवलं. अशा भेगांभोवती तांबं, जस्त साचतं. तिथल्या धातूंच्या शोधासाठी भारताने २०१६ मध्येच आंतरराष्ट्रीय करार केला आहे. जैन परंपरेने डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेंद्रिय जीवाची हिंसाही हिशेबात धरली. त्या हिशेबात ही भेग बसते का, हे खोदकामाची यंत्रं उतरण्याआधी विचारायला हवं. नंतर विचारायला तिथे कुणी उरणार नाही.

खाडीत भरती चढू लागते. काठीने पाडलेल्या भोकात काळं पाणी साचतं, आणि शेजारून एक निवटी उड्या मारत आपल्या बिळाकडे निघते.