तेरीज जुळत नाही

कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला पहिल्याच वर्षी शिकवतात की जगातल्या प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की तेरीज जुळली. मास्तर हे इतक्या ठामपणे सांगतात की पुढे जन्मभर माणूस लग्न, मुलंबाळं, सासुरवाडी आणि सोसायटीचे सेक्रेटरी या सगळ्यांकडे दोन रकान्यांतूनच बघायला लागतो. आर्ट्सला गेलेल्या माझ्या मित्रांना आयुष्यात प्रश्न पडले. मला फक्त फरक पडले. फरक पडला की शोधायचा, नाहीच सापडला तर व्हाउचर करून सस्पेन्स खात्यात टाकायचा आणि साडेसहाची गाडी पकडायची. बँकेतल्या कारकुनाला एवढं तत्त्वज्ञान पुष्कळ होतं.

मलाही होत होतं. पण मध्यंतरी शेजारच्या काउंटरवरच्या माझ्या मित्राने असा एक हिशेब पुढ्यात टाकला की गाड्या चुकायला लागल्या.

हा मित्र वसईचा. वसईचा म्हटलं की लोक त्याला आधी सुकेळ्यांबद्दल विचारतात आणि मग धर्माबद्दल. दोन्हींची उत्तरं तो सारख्याच शांतपणे देतो. कॅथलिक, आणि तोसुद्धा खरोखरीचा. म्हणजे नाताळात केक वाटून वर्षभर सुटणारा नव्हे. मात्र नोटांच्या बाबतीत पक्का नास्तिक. मशीनने मोजलेलं बंडल पुन्हा हाताने मोजल्याशिवाय त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. अठरा वर्षांत त्याचा कॅश शॉर्ट आलेला मी पाहिला नाही. अशा माणसाने एके दिवशी डबा उघडता उघडता सांगितलं, ‘‘नोकरी सोडू का, असा विचार करतोय.’’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सरकारी बँकेतली नोकरी सोडणं ही आमच्याकडे मरण्याच्या खालोखालची घटना. मरणाऱ्याला निदान फॅमिली पेन्शन असते.

प्रकार असा होता. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आदिवासी मुलांचं एक वसतिगृह आहे, चर्चच्या मंडळींनी चालवलेलं. तिथले व्यवस्थापक निवृत्त होत होते. नवा माणूस हवा होता. हिशेब ठेवायचे, किराणा भरायचा, सरकारी कागदांच्या मागे धावायचं आणि संध्याकाळी मुलांना गणित शिकवायचं. राहायला दोन खोल्या, दारात आंब्याचं झाड, पगार २८ हजार. बँकेत त्याच्या हातात ६८ हजार पडत होते. ‘‘तू कॉमर्सवाला. दोन्ही बाजू मांडून दे,’’ तो म्हणाला.

मी फुलस्केप घेतला आणि नावे बाजू भरायला लागलो. महिन्याचा फरक ४० हजार, वर्षाचा चार लाख ऐंशी हजार. स्टाफला मिळतं त्या सवलतीच्या व्याजाचं घरकर्ज. नोकरी गेली की सवलत गेली. मुलगी बारावीत. आणि सगळ्यांत जड रकम म्हणजे पेन्शन. आमच्या १९९५ च्या पेन्शन नियमांत वीस वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन चालू होते. त्याआधी राजीनामा दिला तर झालेली सगळी सेवा पेन्शनपुरती पुसली जाते. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्या मुलांना तर ही पेन्शन नाहीच, त्यांची तऱ्हा वेगळी. म्हणजे आमचा हा मित्र शेवटच्या गाडीत धावत चढलेला. त्याची अठरा वर्षं आणि चार महिने भरले होते. उरलं होतं एक वर्ष आठ महिने. विरारचं तिकीट काढून नालासोपाऱ्याला उतरायचा हा हट्ट कशासाठी?

‘‘जमा बाजूला काय लिहू?’’ मी विचारलं.

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘रविवार लिही.’’

हे समजायला जरा पंचांग बघावं लागतं. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो; म्हणजे बरोबर आमच्या इयर एंडिंगच्या अंगणात नाचत असतो. २०२४ साली तर तो नेमका ३१ मार्चलाच आला, आणि सरकारी भरण्याची कामं करणाऱ्या शाखा त्या रविवारी उघड्या ठेवायचा हुकूम निघाला. ख्रिस्ती माणसाचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. हा शनिवारी रात्रीची मिस्सा करून, तांबारलेल्या डोळ्यांनी सकाळी काउंटरवर हजर. दिवसभर चलनांवर शिक्के मारले. ख्रिस्त उठला आणि आमचा मित्र बसला, असा तो ईस्टर.

‘‘पण तिथे तर रविवारीही पोरं असणार. काम असणारच,’’ मी म्हटलं.

‘‘काम असेल. पण रविवारही असेल,’’ तो म्हणाला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

बातमी शाखेत पसरली तेव्हा प्रत्येकाला या माणसाची कधी नव्हे ती काळजी वाटायला लागली. युनियनचे साहेब म्हणाले, राजीनामा हा कामगार चळवळीचा पराभव आहे. मॅनेजर म्हणाले, ‘‘देवाची सेवा इथे करता येत नाही का? म्हाताऱ्या पेन्शनरांची पासबुकं भरून द्या.’’ हे तसं खरंच होतं. फक्त सांगणाऱ्या साहेबांना पेन्शनर दिसले की फोन येत असे. लोन खात्यातल्या एका हुशार मुलाने बिनतोड तोडगा काढला: नोकरीत राहा, फरकातले २० हजार दरमहा वसतिगृहाला पाठवा. त्यांना पैसे मिळाले, तुम्हाला पेन्शन मिळाली, शिवाय पावती घेतली तर आयकरात सूट. कागदावर यात एकही भोक नव्हतं. मित्र म्हणाला, ‘‘पैसे पाठवता येतात रे. पण रात्री आठ वाजता पोराचं त्रैराशिक अडलं की एनईएफटी करून काय उपयोग?’’

मी मात्र त्याला त्याच्याच शास्त्रात पकडायचं ठरवलं. त्याच्याकडून बायबल मागून घेतलं आणि लोकलमध्ये वाचायला लागलो. समोरच्या बाकावरचे लोक माझ्याकडे संशयाने बघायचे, तिकडे दुर्लक्ष केलं. आणि काय सांगू, पुस्तक उघडलं तर पानापानावर हिशेब! मनोरा बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज करा, नाहीतर अर्धवट बांधकामाला लोक हसतील, असं लूकच्या शुभवर्तमानात स्वतः येशूच सांगतो. हे तर आमच्या लोन खात्याचं ब्रीदवाक्य शोभेल. मत्तयात तीन नोकरांची गोष्ट आहे. धनी त्यांच्याकडे पैसे सोपवून परदेशी जातो. एक नोकर घाबरून पैसे जमिनीत पुरतो, तेव्हा परतलेला धनी त्याला विचारतो की निदान सावकारी पेढीवर तरी का नाही ठेवलेस, व्याज तरी आलं असतं. हे वाचून मी मूठ आपटली. बाराजणांत पैशाची थैली यहूदाकडे होती, ही गोष्ट मात्र मी मित्रासमोर काढली नाही. आमच्या खात्याची बदनामी कशाला?

आता त्या गोष्टीतल्या पैशांचं माप बघा. ते माप म्हणजे टॅलंट. त्यावरूनच पुढे गुण या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ आणि सणवार सोडून वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरा. किती वर्षं झाली? बरोबर वीस! मी आनंदाने त्याच्यासमोर गणित ठेवलं. ‘‘बघ, तुझ्या शास्त्रातसुद्धा क्वालिफाइंग सर्व्हिस वीस वर्षांची आहे.’’

तो पोट धरून हसला. मग म्हणाला, ‘‘आणि ज्याने ती वीस वर्षं सांभाळून पुरून ठेवली, त्याचं काय झालं?’’

त्याचं चांगलं झालं नाही, हे मला वाचून माहीत होतं.

पण एक बाण माझ्याकडे उरला होता. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलंय की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास नसलेल्यापेक्षाही वाईट. मी ते पान उघडून त्याच्यापुढे धरलं. या वेळी तो हसला नाही. खरा प्रश्न इथेच होता. आपण कमी खाऊन देवाचं काम करणं ठीक. पण आपल्या त्यागाचं बिल बायकोच्या आणि पोरीच्या नावाने फाडायचा हक्क आपल्याला कुणी दिला? त्याग करणाऱ्याचा फोटो लागतो, आणि तो ज्यांच्या जिवावर होतो ते फोटोच्या चौकटीबाहेर उभे असतात. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ मांडला. थोर गोष्ट. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार लक्ष्मीबाईंना ओढावा लागे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. टिळक मोठे होतेच. पण त्या घरात रोज संध्याकाळी चूल कुणी पेटवली, याची नोंद लक्ष्मीबाईंनी ठेवली म्हणून आपल्याला कळली.

याला जोडून आणखी एक काटा होता. देवाचं बोलावणं आणि काउंटरवरून सुटका, या दोन्हींचा आवाज लांबून सारखाच येतो. अठरा वर्षं तेच तेच शिक्के मारल्यावर कोणालाही डोंगरावरून हाका ऐकू येतील. मी त्याला ते स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, ‘‘मीही तेच तपासतोय. म्हणून गेलं वर्षभर कोणाला बोललो नाही. चांगल्या दिवशीही ऐकू येतं का ते बघत होतो.’’

‘‘येतं?’’

‘‘बोनस झाला त्या दिवशीसुद्धा आलं.’’

आता यावर काय बोलणार?

बायबलात जकातखात्यातली दोन माणसं आहेत. एक मत्तय. जकात नाक्यावर बसला होता. येशू म्हणाला माझ्यामागे ये, तर खुर्चीवरून उठून गेला. पुढे हिशेबनीस मंडळींचा तो संत ठरला. दुसरा जक्कय, त्याच खात्यातला मोठा साहेब. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला; पण नोकरी सोड असं येशूने त्याला सांगितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. एकच खातं, एकाच साहेबाचे दोन हुकूम: एकाची बदली, दुसरा जागेवर कायम. म्हणजे पैसे सोडणं हे पुण्य आणि नोकरीत राहणं हे पाप, असला सरसकट परिपत्रकी नियम तिथे नाहीच. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. प्रश्न एवढाच, की हातात पडलेल्या हुकुमावर नाव कोणाचं आहे?

मित्राला मी म्हटलं, ‘‘तू जक्कय हो ना. दोन वर्षांनी मत्तय हो. देव थांबेल की!’’

‘‘देव थांबेल,’’ तो म्हणाला. ‘‘पण सहावीतली पोरं दोन वर्षांनी आठवीत गेलेली असतील.’’

शेवटी मी तो फुलस्केप घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनी नर्स आहेत, रात्रपाळी करून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘भाऊजी, मी आणि माझी मुलगी नावे बाजूला का?’’

‘‘म्हणजे... तुमचा खर्च...’’

‘‘माझा पगार कुठे लिहिलाय?’’

तो मी लिहिलेला नव्हता. दोन रकान्यांच्या माणसाला तिसरं माणूस दिसत नाही.

वहिनींनी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर आपला हिशेब मांडला. फंड आणि ग्रॅच्युइटी येईल त्यातून आधी घरकर्ज फिटलं पाहिजे. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची रकम त्याच दिवशी वेगळी ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही, देवाच्या नावानेसुद्धा नाही. त्या स्वतः वसईतच राहून नोकरी करणार. दर शनिवारी एकाने दुसऱ्याकडे जायचं. ‘‘आणि पेन्शन?’’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘यांनी जायचं ठरवून मग मला सांगितलं असतं, तर मी पेन्शनसाठी भांडले असते. आधी विचारलं. मग भांडायला काय उरलं?’’ नंतर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘पण मासे बंद होणार नाहीत हां. ते लिहून घ्या.’’

मी लिहून घेतलं. मनोरा बांधण्याआधीचा खर्चाचा अंदाज यापेक्षा चोख कोणी केला असेल असं मला वाटत नाही. जूनमध्ये मित्राने राजीनामा दिला. निरोपसमारंभात सगळ्यांनी त्याच्या त्यागाचं कौतुक केलं आणि आपापसांत तो वेडा असल्याचं ठरवलं. मला त्याचं कारण कळतं. एखादा शेजारी उठून गेला की बसलेल्याला आपली खुर्ची टोचायला लागते.

मी घरी येऊन सौभाग्यवतींना सगळं सांगितलं आणि सहज विचारलं, ‘‘समज, उद्या मला कुणी निम्म्या पगारावर बोलावलं, तर?’’

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘तुम्हाला कोण बोलावतंय?’’

विनोद म्हणून हे वाक्य उत्तम आहे. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. बोलावणं आलं नाही, की आलं तेव्हा मी फरक शोधण्यात गुंतलो होतो, हे काही केल्या जुळेना. तूर्त ती नोंद मी सस्पेन्सला ठेवली आहे. अडचण एवढीच, की सस्पेन्समधली रकम फार दिवस ठेवू देत नाहीत. कधी ना कधी ऑडिटर येतोच.