मस्टरवरचं नाव

वर्क फ्रॉम होमच्या वर्षात मी गावी होते. ऑफिसचा स्टँडअप कॉल साडेदहाला, त्याआधीची सकाळ मोकळी. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावी केली, तिथल्या प्राचार्यांचा एक दिवस फोन आला. "गणिताचे सर रिटायर झाले, जागा काही भरत नाहीत. अकरावीला रोज एक तास घेशील का गं?"

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुखावले. कोड लिहून कुणाचं भलं होतंय का, हा प्रश्न आम्हा लोकांना अधूनमधून छळतोच. इथे समोर चाळीस पोरं होती.

तिसऱ्या आठवड्यात कळलं, की मस्टरवर त्या तासापुढे माझं नाव नाही. तिथे एका एम.एस्सी., बी.एड. बाईंचं नाव होतं. त्या दुसऱ्या शहरात राहायच्या आणि त्यांनी तो वर्ग कधी पाहिलाही नव्हता. मी विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "अगं, तू बी.ई. तुझं नाव लावता येत नाही. आणि पात्र माणूस दाखवला नाही, तर तपासणीत अडचण." फॉर्म कसा भरायचा हे समजावून सांगावं, तितक्या सहजपणे ते बोलले. मी गप्प बसले आणि वर्षभर शिकवलं.

मी चूक केली का?

सुरुवातीला माझा सगळा राग नियमावर होता. आपल्याकडे अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वर बी.एड. लागतं. म्हणजे इंजिनिअरिंगची चार वर्षं गणितात घालवलेली मी अपात्र. पण दहावी झालेला तोच सोळा वर्षांचा मुलगा अकरावीऐवजी पॉलिटेक्निकला गेला, तर तिथे त्याला इंजिनिअरिंगचे विषय शिकवायला प्रथम वर्गातली बी.ई. चालते, बी.एड. कुणी विचारत नाही. तो क्लासला गेला, तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणाऱ्याकडे किमान पदवी हवी, एवढंच. मुलाचं वय तेच, डोकं तेच, भीतीही तीच. दारं तीन आणि तिन्हींवरचा पहारा वेगळा. मग हा पहारा नेमका कुणासाठी आहे?

त्या रागाला पहिला तडा दिला तो आमच्या रिटायर झालेल्या सरांनीच. एका सकाळी ते सहज म्हणून वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी डेरिव्हेटिव्ह शिकवत होते. गाडीचा स्पीडोमीटर, डोंगराचा चढ, फळ्यावर रंगीत खडूने आलेख. तास संपताना विचारलं, "समजलं?" सगळे एका सुरात "हो मॅडम". बाहेर आल्यावर सर म्हणाले, "छान बोलतेस. पण 'समजलं का' असं विचारू नकोस. ते हो म्हणणारच. उद्या प्रत्येकाला कागद दे आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहायला सांग."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या गोळा केल्या. तिसाहून जास्त जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: घात पुढे आणायचा आणि वरचा एकने कमी करायचा. स्पीडोमीटर एकाच्याही चिठ्ठीत नव्हता. एका मुलीने लिहिलं होतं, "मॅडम, मला चढ समजला, पण तो कशाचा चढ ते समजलं नाही."

घरी येऊन मी बराच वेळ ती चिठ्ठी बघत बसले. मला गणित येत होतं. समोरच्याला ते कुठे येत नाही, हे मात्र मला दिसत नव्हतं. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दुसरं शिकवण्यासाठीच बी.एड. नावाचा प्रकार निघाला. पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, सरावाचे पाठ या शब्दांवर मी पूर्वी हसायचे. बी.एड. कित्येकदा कागदावरच उरकलं जातं, हेही आपण सगळे जाणतो. पण एखादी गोष्ट वाईट तऱ्हेने केली जाते म्हणून ती निरर्थक ठरत नाही.

मग मला पात्रतेचा वेगळा अर्थ दिसू लागला. मी मोबाइल घेताना रिव्ह्यू वाचते, नको वाटला तर परत करते. सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षकाची अशी पारख करता येत नाही, कारण पारख करायला जे ज्ञान लागतं तेच घ्यायला तो आलेला असतो. चुकीचं शिकवलं गेलं हे त्याला कळेल तेव्हा वर्ष हातातून गेलेलं असेल. आमच्या कामात रिलीज बिघडली तर रोलबॅक करता येतो. अकरावी रोलबॅक होत नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी आधीच तपासून ठेवायचं असतं. पात्रता म्हणजे ज्याला तपासता येत नाही, त्याला समाजाने दिलेला शब्द.

असं पाहिलं, की तीन दारांचा गोंधळही जास्त टोचतो. मूल आपल्याला समजतंय का, हे शिकवणाऱ्याला कळायला हवं, अशी अट एकाच दारावर आहे. आणि जिथे ती आहे, तिथे ती आम्ही मस्टरवर खोटं नाव लिहून पार केली.

माझी चूक तिथेच होती. अपात्र असून शिकवलं, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वर्ग रिकामा ठेवण्यापेक्षा ते बरंच होतं. पण माझ्यामुळे जागा भरलेली दिसली. तपासणीला आलेल्यांना वर्गात खडू चालताना दिसला, पालकांना तास होताना दिसले. वर्ग ओस पडला असता तर कदाचित पालक चिडले असते, कुणी अर्ज केला असता, कुणा खऱ्या एम.एस्सी., बी.एड. मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली असती. तासिका तत्त्वावर राबणारे असे कितीतरी जण जाहिरातीची वाट बघत असतात. माझी फुकटची समाजसेवा त्यांच्या वाटेत उभी होती.

पण हेही लिहायला हवं, की हा हिशोब मी आता मांडतेय. वर्ग ओस पडला असता तर चिडलेल्या पालकांच्या आधी ती चढवाली मुलगी बुडाली असती. व्यवस्था सुधारावी म्हणून एका मुलीचं वर्ष पणाला लावायचा अधिकार मला होता का? मला तो होता असं वाटत नाही. खोट्या नावाला मान डोलावण्याचाही नव्हता.

यंदा प्राचार्यांचा परत फोन आला. मी म्हटलं, "सर, शनिवारी येईन. जादा तास म्हणून, माझ्याच नावाने, आणि नोटीस बोर्डावर गणिताची जागा रिकामी आहे असं लिहिलेलं असेल तर." ते थोडं थांबले. "बघतो," म्हणाले.

अजून बघतायत.