जुने घर सांधताना

वडिलार्जित घर पाडावे की सांधावे, हा प्रश्न आज वसईच्या वाडीवाडीतून उभा आहे. आम्हा भावंडांनाही तो सोडवावा लागला. आढ्याला वाळवी लागली होती, मंगळुरी कौले फुटली होती आणि वीस वर्षांपूर्वी आम्हीच चढवलेला सिमेंटचा गिलावा पोपडे धरून गळत होता. म्हाताऱ्या गवंड्याने कारण सांगितले. चुन्याची भिंत जमिनीतून चढलेली ओल हवेत सोडते. वरून सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते आणि भिंत झिजू लागते. बाहेरून मात्र ती धडधाकट दिसते. आम्ही सिमेंट उकरून पुन्हा चुना लावला.

काम चालू असता बहीण आली. ती ओट्यावरच बसली. आत चल म्हटले, तर म्हणाली, “आता तुमचं घर ते. मी पाहुणी.” आम्ही निरुत्तर झालो. वडिलांच्या पश्चात तिने आमच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली होती. मृत्युपत्र नसल्यास १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपल्याकडे मुलगा व मुलगी यांना समान वाटा देतो, हे आम्हांस ठाऊक होते. तिने तक्रार केली नाही, म्हणून आम्ही तिला संमती मानले. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही संमती ठरते काय?

वाटे पडले तर घर मोडते, असे आपण म्हणतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अनेक वाड्या अशाच विकल्या गेल्या. परंतु घर अखंड राखण्याची किंमत एकट्या लेकीनेच का मोजावी? आईबापांचा मान राखा, ही आज्ञा आपण घराच्या भिंतींना लावतो. त्यांच्या लेकीला लावायला विसरतो. वाचकहो, आपल्या कपाटातील असा एखादा कागद एकदा उघडून पाहावा.

तिचा वाटा तिच्या नावे करण्याचे आम्ही ठरवले. ती एवढेच म्हणाली, “कागद मागाहून करा; आधी कौलं चढवा, पाऊस जवळ आला.”

कागद आम्ही पावसाआधीच केला.